आधी आतडं, मग किडनी

चौदा मार्चला, गुरुवारी सकाळी, मी रुग्णालयाच्या पैसे भरण्याच्या खिडकीत सदतीस हजार चारशे भरले. ऑपरेशनची आगाऊ रक्कम. पेशंट म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. वय पन्नास, धंदा नळकाम. पोटावरची पिशवी काढून आतडं पुन्हा जोडायचं, असं ऑपरेशन होतं. खिडकीतल्या माणसाने पावती सरकवत विचारलं, "तारीख लगेच मिळाली का?" मी म्हटलं, "चौदा महिन्यांत मिळाली." तो हसला. मी विनोद केला नव्हता.

मेहुण्याला सगळे वायसर म्हणतात. नळाच्या आत पाणी अडवणारी रबराची चकती असते, ती वायसर. कुठेही काही बिघडलं की याचं निदान ठरलेलं: वायसर गेलंय. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, वायसर गेलंय. माझे साहेब विनाकारण ओरडले, त्यांचं वायसर गेलंय. तीन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. तो म्हणाला, "दोन्ही वायसर एकदम?"

माझं लग्न झालं तेव्हा तो शाळेत नापास होऊन घरी बसला होता. मी नुकताच कॉमर्सचा पदवीधर झालेलो. सासऱ्यांनी त्याला माझ्याकडे जमाखर्च शिकायला पाठवलं. तीन संध्याकाळी त्याने नावे आणि जमा यांच्याकडे नुसतं बघितलं. चौथ्या संध्याकाळी मी कामावरून आलो तर हा आमच्या गच्चीवरच्या टाकीत कमरेपर्यंत उतरलेला. टाकी रोज वाहून जायची, ती त्याने बंद केली. मी सासऱ्यांना निरोप पाठवला की मुलाचं शिक्षण पूर्ण झालं आहे.

पुढे तो एका वयस्कर नळकाम करणाऱ्याच्या हाताखाली लागला. त्यांना तो उस्ताद म्हणायचा. उस्ताद गेले तेव्हा त्यांचे पाने आणि गाळा दोन्ही याच्याकडे आले. गाळा म्हणजे इस्त्रीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामधली फट. आत एक माणूस आणि पाइप उभे राहू शकतात. दुसरा माणूस आला तर पाइप बाहेर.

लग्न त्याने केलं नाही. एकदाच मुलगी बघायला गेला होता. तिथे पाहुणे जमायच्या आत मोरी तुंबली. याने बाह्या सरसावल्या, मोरी मोकळी केली, हात धुतले. मुलीच्या वडिलांनी खिशातून नोट काढून त्याच्या हातात ठेवली. "पैसे घेतल्यावर जावई कसं व्हायचं, भाऊजी?" असं तो मला नंतर म्हणाला. नोट परत का केली नाहीस, असं बहिणीने विचारलं, तर म्हणाला, "मोरी खरंच तुंबली होती."

नळकाम म्हणजे कंबर मोडायचं काम. सिंकखाली उकिडवं बसायचं, मान वाकडी करायची, तासभर पाना फिरवायचा. वायसरच्या शर्टाच्या खिशात एका बाजूला चकत्या आणि दुसऱ्या बाजूला कंबरदुखीच्या गोळ्यांची पट्टी असायची. औषधाच्या दुकानात मागायची, दुकानदाराने द्यायची. वीस-बावीस वर्षं. रक्तदाब कधी मोजलाच नाही, कारण दुखत नव्हता. मग पाय सुजले, आणि त्यानंतरचं वर सांगितलं आहे.

तेव्हापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार डायलिसिसचे. चार तास यंत्राला बांधून घ्यायचं, रक्त बाहेर जाऊन धुऊन आत येतं. दिवसाला पाणी एका छोट्या बाटलीएवढं, मोठ्या बाटलीवर तेवढ्या खुणेला त्याने लाल चिकटपट्टी लावली होती. दिवसभर नळ सोडून बघायचे आणि संध्याकाळी पट्टीच्या खाली किती राहिलं ते बघून चूळ भरायची. माझी बायको त्याचा डबा करायची. भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवायची, मग उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायची, म्हणजे भाजीतलं पोटॅशियम निघून जातं. हा क्षार किडनी बाहेर टाकू शकली नाही तर हृदयाचा ठोका चुकतो, असं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. फळं बंद, रस बंद, टोमॅटो बंद. किडनी विभागाने दिलेला कागद आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर चिकटवलेला होता. भाजी उकळली की उरायचा तो चोथा. वायसर म्हणायचा, "ताई, चव तू मोरीत ओततेस आणि मला डबा देतेस."

एवढ्यावर निभावलं असतं. पण पाणी कमी, चोथा जास्त, गोळ्या डझनभर. पोट साफ होईना. एक दिवस गाळ्यातच तो पोट धरून बसला. मोठ्या आतड्याला भोक पडलं होतं. तातडीने ऑपरेशन करून फुटलेला भाग काढला आणि आतड्याचं वरचं टोक पोटावर उघडं काढून ठेवलं. त्यावर पिशवी. शौच पिशवीत. "तीन महिन्यांनी जोडू," आतड्याचे डॉक्टर म्हणाले. वायसरला हे लगेच पटलं. तो म्हणाला, "तात्पुरती बाहेरून लाइन काढली आहे. आमच्यातही करतात."

तीन महिने संपले त्या दिवशी मी फाइल घेऊन दुसऱ्या मजल्यावर आतड्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल चाळली आणि मान हलवली.

"जोडायला काय, दोन तासांचं काम आहे. जोडलेलं टिकायला पाहिजे ना. यांच्या रक्तात कचरा साचलेला असतो, त्यामुळे जखम लवकर भरत नाही. रक्त लवकर थांबत नाही. जंतू लगेच धरतात. सलाइन सोडावं तर ते पाणी बाहेर कुठून काढायचं? आणि जोड सुटला तर पोटात घाण पसरेल. तेव्हा वाचले, पुन्हा वाचतील असं नाही."

"मग करायचं काय?"

"आधी किडनी बसवून घ्या. रक्त सुधारलं की मी जोडतो."

किडनी तयार होती. माझ्या बायकोची. तिच्या तपासण्या झाल्या होत्या, रक्तगट जुळला होता, आणखी जे काही जुळायला लागतं तेही जुळलं होतं. साखर जरा काठावर होती, पण आतल्या बाजूला. मी चौथ्या मजल्यावर किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते फाइल न उघडताच म्हणाले, "पोटावर पिशवी आहे ना? मग नाही."

"का?"

"नवी किडनी बसवली की शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. आणि शेजारी उघडं आतडं. मी असा धोका घेत नाही. आधी आतडं जोडून आणा."

"ते म्हणतात आधी किडनी."

"त्यांना म्हणावं, आधी आतडं."

मी त्यांना म्हटलं. त्यांनी मला पुन्हा वर पाठवलं. मी आयुष्यभर पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब लिहिला. आणखी काही महिन्यांनी निवृत्त होईन. आमच्याकडे दोन खात्यांचं जुळलं नाही तर दोन्ही कारकून एका टेबलाशी बसतात आणि जुळवून उठतात. इथे दोन्ही डॉक्टर एकाच इमारतीत, एकाच कॅन्टीनमधला चहा पिणारे, आणि एकमेकांशी बोलणार माझ्यामार्फत. मी अर्ज केला की दोघांनी एकत्र बसून एकदा काय ते ठरवावं. अर्जावर दुसऱ्या मजल्याचा शेरा आला, "किडनी विभागाचं मत घ्यावं." चौथ्या मजल्याचा आला, "सर्जनचं मत घ्यावं." दोन्ही शेऱ्यांखाली गोल शिक्का होता. अकरा महिने मी त्या जिन्यावर घालवले. लिफ्ट पेशंटसाठी राखीव होती.

या काळात वायसर काम करत होता. डायलिसिस नसलेल्या दिवशी गाळा उघडायचा. ढगळ शर्ट घालायचा. सिंकखाली बसलं की पिशवी दाबली जायची, म्हणून एक गुडघा टेकून तिरका बसायला शिकला. डाव्या हाताला डायलिसिसची फुगवलेली नस, त्या हाताने जड उचलायचं नाही. मोठा पाना उजव्याच हाताने. एकदा एका बाईंच्या स्वयंपाकघरात पिशवीची पकड सुटली. त्याने अंगातला शर्ट काढून फरशी पुसली, बनियनवर काम पूर्ण केलं आणि पैसे न घेता निघाला. मला हे त्या बाईंच्या नवऱ्याने सांगितलं, तेही तक्रार म्हणून, की घरात काय सोडलंत ते आधी सांगायला हवं होतं. वायसरने कधी सांगितलं नाही. त्यानंतर तो फक्त बाहेरची कामं घ्यायला लागला: टाक्या, गच्चीवरचे पाइप, अंगणातले नळ. बाहेरची कामं कमी असतात.

त्याला पिशवी काढून हवी होती, हे उघड होतं. माझ्या बायकोला त्याहून जास्त हवी होती, कारण पिशवी निघाली की तिची किडनी आत जाणार होती. किडनी विभागातल्या समन्वयक बाईंनी तिला दोनदा बजावलं होतं, "उरकून घ्या. तुमच्या तपासण्या कायम अशाच राहणार नाहीत." ती रोज संध्याकाळी मला विचारायची, "गेला होतात?" मी म्हणायचो, "गेलो होतो." ती म्हणायची, "मग?" या "मग" ला मी हातपाय धुवायला जायचो.

शेवटी मी आतड्याच्या डॉक्टरांच्या दाराबाहेरच ठाण मांडलं. सुट्टी टाकून, डबा घेऊन. चौथ्या दिवशी त्यांनी आत बोलावलं आणि म्हणाले, "ठीक आहे, करतो. पण धोका समजून घ्या."

मी विचारलं, "धोका किती टक्के?"

ते म्हणाले शंभरात दहा दगावू शकतात. भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या वीस. किडनीचे डॉक्टर म्हणाले, असं आकड्यात सांगता येत नाही. एकाच कंपनीचे तीन ताळेबंद. मी दहा आणि वीस यांची सरासरी काढून घरी पंधरा सांगितले. बायको म्हणाली, "म्हणजे पंच्याऐंशी बरे होतात." वायसरला आम्ही आकडा सांगितला नाही. त्याला सांगितलं, डॉक्टर तयार झालेत.

तारीख ठरली चौदा मार्च. गुरुवारच का, तर बुधवारी डायलिसिस होऊन रक्त स्वच्छ असतं आणि यंत्रावर दिलेलं रक्त पातळ करणारं औषधही उतरलेलं असतं. सकाळी मी पैसे भरले, वायसर उपाशीपोटी हिरवा झगा घालून पलंगावर बसला. दुपार झाली. बाहेर अपघाताच्या गाड्या येत होत्या. तिन्हीसांजेच्या आधी निरोप आला की ऑपरेशनची खोली रिकामी नाही. उद्या सकाळी पहिला नंबर, तोवर फक्त पातळ द्या.

पातळ म्हणजे काय, याचा सर्जरी विभागाचा छापील कागद होता. आतडं रिकामं ठेवायला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सगळ्यांना देतात तो. त्यावर लिहिलं होतं: गाळलेला फळांचा रस, नारळपाणी, गाळलेलं टोमॅटो सूप. माझ्या बायकोने तो दोनदा वाचला. तीन वर्षं तिने भाज्यांचं पाणी मोरीत ओतलं होतं. ती नर्सबाईंकडे गेली.

"याला रस चालेल? किडनीवाले नको म्हणतात."

"ऑपरेशन कशाचं आहे?"

"आतड्याचं."

"मग हा कागद आतड्याचाच आहे ना?"

आम्ही कागद मानणारी माणसं. ऑफिसात नवं परिपत्रक आलं की जुनं रद्द होतं. आतड्याचं ऑपरेशन, आतड्याच्या वॉर्डात, आतड्याच्या डॉक्टरांचा ताजा कागद. तिला वाटलं, आता हा नियम. ती खाली जाऊन संत्र्याचा रस, नारळपाणी आणि गाळलेलं सूप घेऊन आली. वायसरचा चेहरा मी त्या दिवसानंतर तसा पाहिलेला नाही. त्याने रसाचा पेला दोन्ही हातांनी धरला.

"ताई, आज माझा वाढदिवस आहे का?"

"पी गुपचूप. दिवसभर उपाशी आहेस."

"हे सगळं माझं? पट्टी कुठे लावलीस?"

त्याने रस संपवला, सूप संपवलं आणि नारळपाणी थोडं थोडं करून पुरवलं.

शुक्रवारी सकाळी रक्त तपासलं तर पोटॅशियम भलतंच वर गेलेलं. भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, "यांना काय पाजलंत?" बायकोने कागद दाखवला. बाईंनी तो बघितला, बायकोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा किडनीवाल्यांसाठी नाही हो. असं रक्त घेऊन भूल दिली तर टेबलावरच हृदय थांबेल." वायसरला ढकलत डायलिसिसला नेलं. ऑपरेशन रद्द, पुढच्या गुरुवारी बघू.

कागदावर "किडनीवाल्यांसाठी नाही" असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी कार्यालयात जाऊन लेखी दिलं की एवढी एक ओळ घाला. तिथल्या बाबूने विचारलं, "ही ओळ सर्जरीने घालायची की किडनीने?" ती ओळ आजही नाही.

बायको वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसली होती. म्हणाली, "मी माझ्या हाताने दिलं त्याला." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मी ऐकायचं कोणाचं, ते एकदा सांगा. मी दोघांचंही ऐकते. मला दोघांचंही पटतं."

पुढच्या बुधवारी, डायलिसिस आटोपल्यावर, आतड्याचे डॉक्टर फेरीला आले. सवयीप्रमाणे मला म्हणाले, "उद्याचं नक्की. यांना सगळं समजावून सांगितलंय ना?"

मी हो म्हणणार, एवढ्यात वायसर म्हणाला, "मलाच सांगा की डॉक्टर. पोट माझं आहे."

डॉक्टर थांबले. बरोबरच्या शिकाऊंना त्यांनी पुढे पाठवलं आणि स्टूल ओढून बसले. हे मला अपेक्षित नव्हतं.

"विचारा."

"जोड गळला तर?"

"पुन्हा उघडायचं. पुन्हा पिशवी. बहुतेक कायमची."

"गळतो का?"

"इतरांचा क्वचित. तुमच्यासारख्यांचा बराच. तुमच्या आतड्याला रक्त कमी पोचतं, टाका धरायला वेळ लागतो."

"पाइप कुजलाय म्हणा ना. कुजक्या पाइपाला आटे पाडले तर धरत नाहीत." वायसरने पिशवीवर हात ठेवला. "डायलिसिसवाले किती जोडलेत तुम्ही? या हातांनी."

डॉक्टरांनी जरा विचार केला. "चार."

"घरी किती गेले?"

"दोन."

"पिशवीशिवाय?"

"एक."

शेजारच्या पलंगावरचा म्हाताराही आता ऐकत होता. वायसर म्हणाला, "हे भाऊजींना सांगितलं होतं?"

"त्यांनी टक्के विचारले होते," डॉक्टर म्हणाले.

मी फाइलची दोरी सोडून पुन्हा बांधली.

"नाही केलं तर?" वायसरने विचारलं.

"पिशवी राहील. पिशवीने माणूस मरत नाही."

"आणि किडनी?"

"ते चौथ्या मजल्यावर."

वायसर हसला. मग झग्याच्या नाड्या सोडायला लागला. मी म्हटलं, "काय करतोस?" तो म्हणाला, "उस्तादांचा नियम होता. जुन्या इमारतीत लाइन चालू असेल तर पाना लावायचा नाही. गिऱ्हाईक म्हणतं दिसायला वाईट दिसते, तरी नाही. ही चालू आहे, भाऊजी. दिसते वाईट, पण चालू आहे." डॉक्टर उठले. मला असं वाटलं की त्यांना सुटल्यासारखं झालं, तसं नसेलही. भरलेल्या पैशांतून खाटभाडं आणि तपासण्या कापून उरलेले त्याच खिडकीतून परत मिळाले.

घरी येऊन त्याने बहिणीला सांगितलं. ती भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली.

"म्हणजे माझी किडनी नको तुला."

"तुझी किडनी हवी आहे गं. तिथे पोचायचा रस्ता नको आहे."

"मी तीन वर्षं रांगेत उभी आहे. सुया टोचून घेतल्या. तुला पाना आठवतो."

"ताई, चारांतला एक."

"पंच्याऐंशी म्हणाले होते." तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "तू घाबरलास. सरळ सांग की."

"घाबरलो," वायसर म्हणाला. "सरळ सांगितलं."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. डबा मात्र रोज जात होता, भिजवून, उकळून, पाणी ओतून. मी हमाल. डबा ठेवला की तो विचारायचा, "काही म्हणाली?" परत आलो की ती विचारायची, "खाल्लं?" दोघांची खाती माझ्याकडे, आणि दोघांची चीड माझ्यावर. तिला वाटायचं मी त्याला समजावत नाही. त्याला वाटायचं मी तिला समजावत नाही. मी दोघांना समजावून थकलो होतो, आणि दोघांचंही बरोबर होतं.

एप्रिल संपता संपता किडनीचे डॉक्टर दुसऱ्या रुग्णालयात गेले. त्यांच्या जागी एक बाई आल्या, वयाने लहान, बोलायला घाईच्या. नेहमीच्या तपासणीला वायसरबरोबर मी गेलो होतो. त्यांनी फाइल वाचली, पोट तपासलं आणि विचारलं, "बहीण द्यायला तयार आहे, जुळतंय, मग बसवली का नाही अजून?"

मी म्हटलं, "पिशवी आहे म्हणून."

"पिशवीने धोका वाढतो, खरं आहे. काळजी जास्त घ्यावी लागते. पण पिशवी आहे म्हणून दारच बंद, असं मी करत नाही. कोणी नाही म्हटलं?"

"तुमच्या आधीचे डॉक्टर."

"असेल. ती त्यांची पद्धत असेल."

पद्धत. म्हणजे नियम नव्हता. मी तिथे उभा राहून बोटांवर महिने मोजायला लागलो आणि मग मोजायचं सोडलं. जिन्यावरचे हेलपाटे, शेरे, गोल शिक्के, तो रस, ते टेबल ज्यावर त्याचं हृदय थांबलं असतं: हे सगळं एका माणसाच्या पद्धतीसाठी. मी विचारलं, "हे आम्हाला कोणी सांगायला हवं होतं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही दुसरीकडे मत घ्यायला हवं होतं." त्या चांगल्या डॉक्टर आहेत. तरी मला त्या वाक्याचा अजून राग येतो. आम्ही दुसरीकडेच तर जात होतो, चौथ्या मजल्यावरून दुसऱ्या आणि दुसऱ्यावरून चौथ्या.

वायसर बाहेर आला तो थेट आमच्या घरी. बहिणीच्या समोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, पिशवीसकट चालतो म्हणतात."

तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "कुठली साडी नेसू उद्या?"

तपासण्या जुन्या झाल्या होत्या, पुन्हा कराव्या लागल्या. तिने आठवडाभर साखर तोंडाला लावली नाही, चहा कोरा प्यायली, पहाटे उठून गच्चीवर फेऱ्या मारल्या. रक्त दिलं तेव्हा दंडावर हात दाबून बसली होती, जणू दाबून निकाल बदलेल. निकाल आला. काठावरची साखर काठाच्या बाहेर गेली होती. नव्या डॉक्टर बाईंनी तिला आत घेतलं, दार लावलं. मीही आत होतो.

"तुम्हाला मधुमेह सुरू झाला आहे. एक किडनी काढून घेतली तर उरलेल्या एकीवर हा भार पडेल. मला तुमची किडनी घेता येणार नाही."

"मी कमी करते. दोन महिने द्या."

"साखर कमी होईल. मधुमेह जाणार नाही."

"मागच्या वर्षी नव्हता."

"हो. मागच्या वर्षीच्या रिपोर्टवर मी घेतली असती."

बायकोने हे ऐकून मान हलवली, नमस्कार केला आणि बाहेर आली. रडली नाही. तिला चढला तो संताप, आणि तो कोणावर काढायचा हे तिला कळेना. गेलेल्या डॉक्टरांवर काढावा तर ते गेलेले. जिन्यात तिने मला विचारलं, "तुम्ही एवढे हिशेबी. तुम्ही का नाही दुसऱ्या रुग्णालयात विचारलंत?" मी म्हटलं, "ते म्हणाले नाही, म्हणून मी नाही समजलो." ती म्हणाली, "मीही."

वायसर खाली बाकावर बसला होता. आमच्या चेहऱ्यांवरून त्याला समजलं. त्याने सरकून बहिणीला जागा दिली.

"आता तूही माझ्यासारखं पथ्य पाळ," तो म्हणाला. "तुझं काय बंद?"

"गोड."

"नशीबवान आहेस. मला गोड चालतं, बाकी सगळं बंद. आपण दोघं मिळून एक माणूस जेवू."

तिने त्याच्या दंडावर चापट मारली, नस फुगलेली नसलेल्या बाजूने. त्यानंतर ती त्याच्याशी बोलायला लागली, म्हणजे ओरडायला लागली; फरक फारसा नाही.

माझा रक्तगट जुळत नाही. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या नातेवाइकांनी दिलेली किडनी मिळते, तिच्या प्रतीक्षा यादीत आता त्याचं नाव लावलं आहे. नंबर किती आहे, हे विचारलं तर सांगत नाहीत. नंबर सरकला की फोन येईल, म्हणाले. फोन त्याचा, बायकोचा आणि माझा असे तीन दिले आहेत. वायसर रात्री फोन उशाशी ठेवतो, दिवसा गच्चीवरच्या टाक्या दुरुस्त करतो, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार यंत्रावर असतो. पिशवी आहे तशी आहे.

यादीत नाव लावण्याचं शुल्क होतं, ते त्याने स्वतः भरायचं म्हणून हट्ट धरला. त्याच्या खिशात होतं तेवढं त्याने काढलं, चकत्यांसकट. त्या परत ठेवल्या. तरी कमी पडले. माझ्याकडे होती ती मोठी नोट, आणि खिडकीतल्या माणसाकडे सुट्टे नव्हते. तो म्हणाला, पुढच्या फेरीला द्या. पुढच्या फेरीला खिडकी बंद होती. एकशे वीस द्यायचे राहिले आहेत.